पाच जणांमागे एक खोकं

शनिवार, २ ऑगस्ट. सकाळ.

ही वही कोऑर्डिनेटर मॅडमनी दिली. राग आला की वहीत लिहायचं, हात उचलायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. मला राग येत नाही, हे मी त्यांना शांतपणे सांगितलं. पटलं नाही म्हणून दुसऱ्यांदा सांगितलं. तेव्हा त्यांच्या टेबलावरची काच तडकली. काच आधीच कच्ची असणार.

वही आलीच आहे तर खरं काय ते एकदा लिहून ठेवतो. मी एक्स्चेंज स्टुडंट. वर्षभरासाठी आलो, सात महिने झाले. होस्टेलमध्ये मी एका मुलाला मारलं असं सगळे म्हणतात. मी नुसतं ढकललं. त्याच्या मागे जिना होता, तो काही मी बांधलेला नाही. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. त्याने आधी माझ्या टॉवेलला तोंड पुसलं होतं, हे मात्र कुणीच लिहून घेतलं नाही.

मग होस्टेलमधून काढून एका कुटुंबात ठेवलं. काका, काकू आणि त्यांचा माझ्याच वयाचा मुलगा. सहा फूट तीन इंच. मी त्याला लंबू म्हणतो. त्याची अर्धी खोली माझी. एवढा देह, पण कपाट उघडतानासुद्धा कपाटाला विचारून उघडेल असा. काकूंचं सगळं घर चर्चला जाणारं, आणि बाप्तिस्मा माझाही झालेला. म्हणून मॅडम, काकू आणि त्यांच्या चर्चचे फादर यांनी मिळून ठरवलं की फादर कॅथलिक युवकांच्या मोठ्या मेळाव्याला पोरं घेऊन निघालेच आहेत, त्यात मलाही न्यायचं. सात दिवस भांडण झालं नाही तर फादर मॅडमना चांगल्या वागणुकीचं पत्र देणार. झालं तर परतीचं तिकीट.

परत गेलो तर वर्ष फुकट, आणि पुन्हा बाबांबरोबर एका घरात. बाबांशी माझं काही वाकडं नाही. फक्त एका घरात दोन शांत माणसं मावत नाहीत.

संकल्प: सात दिवस कुणाला बोट लावायचं नाही. माझ्यासारख्याला अवघड ते काय! मी मुळात मनमिळाऊ.

रविवार, ३ ऑगस्ट. बसमध्ये.

अकरा तासांचा प्रवास. फादरांनी पाच-पाच जणांचे गट पाडले. आमच्यात मी, लंबू, बेकरीत काम करणारा एक लठ्ठ पोरगा, नर्सिंगला असलेली एक मुलगी आणि एक गिटारवाला. गिटारवाला शनिवारी तिथल्या मोठ्या स्टेजवर वाजवणार आहे, सहा महिने प्रॅक्टिस करतोय, हे त्याने स्वतःच चारदा सांगितलं.

त्याला एकच गाणं येतं. ते त्याने सात तास वाजवलं. मी सात तास सहन केलं. सात तास! संत म्हणून नाव लावायला यापेक्षा जास्त काय लागतं ते फादरांना विचारायला हवं.

आठव्या तासाला मी वरच्या फळीवरून माझी बॅग काढायला उभा राहिलो आणि बॅग त्याच्या हातावर पडली. मी पाडली नाही. फक्त धरली नाही. मनगट सुजलं. नर्सने पट्टी बांधली आणि माझ्याकडे बघत राहिली. बहुधा माझ्या धीरगंभीरपणाचं कौतुक वाटलं असावं.

मेळावा उद्यापासून. म्हणजे आजचं धरायचं नाही.

सोमवार, ४ ऑगस्ट. दुपार ३.

एका शाळेच्या व्यायामशाळेत उतरलोय. जमिनीवर चारशे गाद्या, माणसाला माणूस चिकटलेला. नळ बारा. सगळे एकमेकांना बघून हसतात. कारण काय, कळत नाही.

जेवणाची पद्धत अजब. मैदानात मोठा तंबू. तिथे पाच जणांमागे एक खोकं मिळतं. पाचही जणांनी एकत्र जायचं, गळ्यातले पाच बॅज दाखवायचे, मग खोकं. त्यात पाव, माशाचे डबे, सफरचंदं, ज्यूस. चार जण गेले तर खोकं नाही. हेतू असा की कुणी एकट्याने जेवू नये. ज्यांचे पाच जमत नाहीत त्यांच्यासाठी टॉयलेटच्या मागे सुट्यांची लाइन. तिथे उरलंसुरलं मिळतं. मी लांबून पाहिली. आठ-दहा हरवलेली तोंडं. असल्यांची कीव येते.

आज आमच्या लाइनमध्ये एक उपरा घुसला. मी सभ्यपणे त्याच्या खांद्याला हात लावला. तो म्हणाला की त्याचे चौघे पुढेच उभे आहेत. लंबूही म्हणाला की खरंच आहेत, जाऊ दे. पण तत्त्वाचा प्रश्न होता. मी त्याला कॉलरला धरून बाहेर खेचला, तो फिरला, त्याचं कोपर माझ्या कानशिलात बसलं आणि नंतर माझ्या हातातला माशाचा डबा त्याच्या नाकावर बसला. दोनदा. नळ सोडल्यासारखं रक्त. शर्ट, पाव, माझे बूट, सगळं लाल. नाक वाकडं झालेलं स्पष्ट दिसत होतं.

फादर धावत आले. मी सांगितलं की मी पाच जणांच्या अन्नाचं रक्षण करत होतो. फादरांनी आधी माझ्या हातातला डबा काढून घेतला. मग म्हणाले की ही पहिली आणि शेवटची.

पहिली म्हणाले म्हणजे बसमधली धरली नाही. फादर न्यायी माणूस आहे.

मंगळवार, ५ ऑगस्ट. सकाळ.

बेकर घोरतो. घोरणं नव्हे, लाकूड कापायचं मशीन. मी त्याला हळू हलवलं. नंतर जरा जोरात. नंतर झोपेत माझा पाय त्याच्या बरगड्यांत गेला. झोपेत माणूस काय करतो याला जबाबदार कोण? लंबूचं म्हणणं, मी बूट घालून होतो आणि पाय पाच-सहा वेळा गेला. झोपेत बूट मी कधी घातले हे मला कसं ठाऊक असणार!

बेकर रडला. एवढा थोरला माणूस पोट धरून, गादीत तोंड खुपसून रडत होता. मला शरम वाटली, त्याची. सकाळी त्याने गादी गुंडाळली आणि दुसऱ्या गटात निघून गेला. जाताना सगळ्यांना मिठी मारली, मला नाही. नर्सने सांगितलं की बरगडीला बहुतेक चीर गेली आहे, श्वास घेताना दुखतंय त्याला.

नवी भानगड. आता आम्ही चार. तंबूवाल्या बाईने बॅज मोजले आणि मान हलवली. चौघांना सुट्यांच्या लाइनीत जावं लागलं. अर्धा तास उभे. मिळालं काय, तर कालचा पाव आणि दबलेली सफरचंदं. गिटारवाला माझ्याकडे रोखून बघत होता. जणू माझंच चुकलं! बेकर सोडून गेला तो बेकर.

बुधवार, ६ ऑगस्ट. संध्याकाळ.

आज पापनिवेदन. बागेत झाडाखाली शंभरेक प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर एक फादर. मी तयारीने गेलो होतो. वहीच नेली. माझ्या वाट्याला एक म्हातारे फादर आले, एका कानात मशीन. मी त्यांना टॉवेल, जिना, गिटार, लाइन, घोरणं, असं सगळं क्रमाने सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग विचारलं की ही सगळी मंडळी स्वतः का आली नाहीत.

माझं पाप विचारलं. बराच वेळ डोक्याला ताण दिला तेव्हा एक सापडलं. लहानपणी उपवासाच्या दिवशी बिस्किट खाल्लं होतं. त्यांनी बिस्किट माफ केलं. मग माझ्या हातांकडे बघत म्हणाले की ज्या ज्या माणसाला लागलं त्याच्याकडे जायचं, कुठे लागलं, किती लागलं विचारायचं आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकायचं. हेच प्रायश्चित्त. मध्ये तोंड उघडायचं नाही, हात उचलायचा नाही. मी म्हटलं की यात काय, ऐकण्यात माझा हात कोण धरणार.

गिटारवाल्यापासून सुरुवात केली. तो व्यायामशाळेच्या मागे पायऱ्यांवर सुजल्या हाताने प्रॅक्टिस करत होता. मी विचारलं, कुठे लागलं. तो सांगू लागला. मनगट ठणकतं, दोन सूर नीट लागत नाहीत, शनिवारी त्याचे आईवडील टीव्हीवर बघणार आहेत. मी ऐकत होतो. अगदी शेवटपर्यंत ऐकणार होतो. पण तो म्हणाला की बॅग पडणार हे मला माहीत होतं. हे खोटं आहे असं म्हणायला मी तोंड उघडलं नाही, कारण तोंड उघडायची मनाई होती. म्हणून त्याच्या हातातली गिटार घेतली आणि पायरीवर आपटली. तिचे मधोमध दोन तुकडे झाले.

त्यानंतर तो पिसाळला. गिटारचा दांडा त्याने माझ्या तोंडावर हाणला. वरचा पुढचा दात गेला. तोंड रक्ताने भरलं. मी त्याला खाली पाडला, त्याच्या छातीवर बसलो, तो किंचाळला, उठता उठता माझा बूट त्याच्या बोटांवर पडला आणि मी टाच फिरवली. दोन बोटं. आवाज काडी मोडल्यासारखा आला, पण जरा ओला.

फिरवली असं लिहिलं आहे, ते बरोबर नाही. टाच फिरली.

त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं. कोणी विचारलं तर तो पायरीवरून पडला असं सांगायचं, मी सगळ्यांना सुचवलं. लंबू खाली बघत राहिला. नर्स वर बघत राहिली. मला वाटतं दोघांनाही पटलं.

दात खिशात ठेवला आहे. यावरून सिद्ध होतं की मार मी खाल्ला.

गुरुवार, ७ ऑगस्ट. दुपार १.

नर्स माझी हिरडी साफ करायला आली होती. मनाने चांगली मुलगी, फक्त समज कमी. कापूस लावता लावता म्हणाली की आता बस झालं, फादरांना सगळं सांगणार. बूट, टाच, सगळं. मी तिला समजावायला मनगट धरलं. नुसतं धरलं. ती सोड म्हणाली. समजल्यावर सोडतो म्हटलं. तिला समजायला वेळ लागला, म्हणून थोडं पिरगाळलं गेलं.

ओरडली नाही. हीच गोष्ट मला खटकली. मनगटाकडे बघितलं, माझ्या चार बोटांचे चार वळ उमटत होते. हळूच कात्री उचलली, कापूस उचलला आणि बायकांच्या बाजूला निघून गेली.

संध्याकाळ ५. आईचा फोन. जेवतोस का, झोपतोस का. दात पडलेल्या तोंडाने मी हो म्हटलं. तिचा आवाज बारीक वाटला म्हणून विचारलं, तर म्हणे बाथरूममध्ये घसरली, उजवा हात पुन्हा प्लास्टरमध्ये. आईला फरशी सोसत नाही. वर्षातून दोनदा तरी घसरते. मग बाबांनी फोन घेतला. मी भांडणाचं सांगितलं, जिंकलेली बाजू सांगितली. बाबा खूश. म्हणाले, पोरगं माझ्यावर गेलंय. मागे आई भांडी लावत होती, तो आवाज बंद झाला.

आता आम्ही दोघे. मी आणि लंबू.

फादरांनी मला बोलावलं होतं. तिकिटाची भाषा करत होते. दाराशी लंबू उभा होता, तो आत शिरला आणि म्हणाला की शेवटचे तीन दिवस तो माझी जबाबदारी घेतो, सावलीसारखा बरोबर राहील, मला घरी पाठवू नका, माझ्या घरी काय आहे ते तुम्हाला माहीत नाही. मी लंबूला माझ्या घरचं कधी सांगितलं आठवत नाही. म्हणे, मी झोपेत बोलतो. फादरांनी मानलं. रविवारपर्यंत.

संकल्प: लंबूला परतल्यावर काहीतरी छान घ्यायचं.

शुक्रवार, ८ ऑगस्ट. रात्र. तंबूच्या दवाखान्याबाहेर.

चौदा किलोमीटर चालत मोठ्या मैदानावर आलो. ऊन मी म्हणत होतं. लंबूने माझी बॅग घेतली, पाणी आधी मला दिलं. मैदानात दोऱ्या लावून चौकोन आखलेले, प्रत्येक चौकोनाला नंबर. आमच्या चौकोनात आम्ही चादर अंथरली, लंबू पाणी भरायला गेला, मी डुलकी काढली. उठलो तर चादर हातभर सरकवलेली आणि तिथे दोघे. एक टकल्या, एक अंगाभोवती झेंडा गुंडाळलेला.

हातभर! मी मोजली.

टकल्या म्हणाला की त्यांचे अकरा जण आहेत, आम्ही दोघेच, जरा सांभाळून घ्या. माझं टाळकं सटकलं. म्हणजे मी शांतपणे उभा राहिलो. पहिला ठोसा त्याच्या गळ्यावर. झेंडेवाल्याने मला मागून कमरेत लाथ घातली, मी तोंडावर पडलो, टकल्या माझ्या पाठीवर गुडघा देऊन बसला आणि माझं डोकं मातीत घासू लागला. भुवई फाटली. मी त्याच्या दंडाचा चावा घेतला, तो एक दात कमी असूनही चांगला बसला. त्याची पकड सुटली. माझ्या हाताला माशाचा डबा लागला. झेंडेवाल्याच्या गुडघ्यावर हाणला, तो कोसळला, पुन्हा हाणणार तेवढ्यात मागून कोणीतरी मला दोन्ही हातांनी कवळलं. मी वळलो आणि डब्याची कड घातली. जोरात. सगळ्या ताकदीने. कोण आहे ते पाहिलं नाही.

लंबू होता.

डोळ्याच्या वर, खोलवर. तो उभाच राहिला, खूप उंच, तोंडावरून रक्त वाहतंय, आणि पाण्याची बाटली अजून हातात. ती त्याने आधी नीट खाली ठेवली. मग बसला.

नर्स धावत आली. माझ्यासाठी नाही. सात टाके. डॉक्टर म्हणतात, डोळा राहील. दिसेल की नाही ते पंधरा दिवसांनी.

यात माझी चूक शोधतोय. मागून कोणी धरलं तर कुणीही असंच करेल.

शनिवार, ९ ऑगस्ट. संध्याकाळ.

आनंदाची बातमी!! फादरांनी दवाखान्यात लंबूला विचारलं. लंबूने सांगितलं की तो तंबूच्या खुंटीला अडखळला, खाली डबा होता. फादरांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा खुंटी. टकल्या आणि झेंडेवाला पुढे आले नाहीत, आपणही मारलंय म्हणून भ्यायले असणार. फादर बाहेर येऊन बाकावर बराच वेळ बसले. मग पत्र लिहून दिलं. वागणूक समाधानकारक. सही, शिक्का. मला देताना नजरेला नजर दिली नाही. थकले असतील.

म्हणजे मी जिंकलो. वर्ष वाचलं.

स्टेजवर गिटारच्या जागी दुसरं कोणीतरी वाजवत होतं. मी ऐकलं नाही.

जेवण आणायला मी एकटा गेलो. लंबूला उठता येत नाही. सुट्यांच्या लाइनीत उभा राहिलो. वाढणाऱ्या बाईने विचारलं किती जण. एक म्हटलं. मग दोन म्हटलं. बिस्किटांचे दोन पुडे मिळाले. परत येऊन एक लंबूच्या उशाशी ठेवला. तो थँक्यू म्हणाला. एवढा सभ्यपणाही बरा नव्हे.

रविवार, १० ऑगस्ट. परतीच्या बसमध्ये.

सकाळी शेवटचा मिस्सा, म्हणजे सगळ्यांची मिळून मोठी प्रार्थना. दहा लाख माणसं म्हणे. वेदी इतकी लांब की सगळं पडद्यावर. लंबू डोळ्यावर पट्टी बांधून माझ्या बाजूला उभा होता. जबाबदारी घेतली होती ना, रविवारपर्यंत.

मिस्सात एक वेळ येते, शेजाऱ्याला शांती द्यायची, हातात हात द्यायचा. दहा लाख माणसं एकमेकांकडे वळली. मीही वळलो. मनापासून वळलो. उजवा हात पुढे केला.

लंबू खाली वाकला. सहा फूट तीन इंचांचा माणूस, कोपर डोक्यावर घेऊन, डोळे मिटून, मान खांद्यात घालून. क्षणभरच. मग त्याला कळलं, कसंनुसं हसला, सॉरी म्हणाला, हात दिला. हात बर्फासारखा गार होता.

ते वाकणं मला ओळखीचं आहे. जेवताना बाबांनी मिठाच्या वाटीकडे हात केला की आई तशीच वाकते. बरोबर तशीच, आधी कोपर. मग हसते. मग सॉरी म्हणते.

आमच्या बाथरूमची फरशी खडबडीत आहे. तिच्यावर कुणी घसरत नाही. हे मला सहावीपासून माहीत आहे.

शुक्रवारच्या पानात दुरुस्ती. कोण आहे ते पाहिलं होतं. आधी हात ओळखले, मग तोंड पाहिलं, मग मारलं.

बुधवारच्या पानात. टाच फिरवली, हेच बरोबर.

बाकीच्या पानांतही आहेत. हळूहळू करेन.

पत्र या वहीत घालून ठेवलं आहे. मॅडमना दोन्ही देणार. तिकीट काढतील. संकल्प लिहीत नाही. आजवरचे संकल्प वाचले, त्यांतला एक राहिलाय, लंबूला काहीतरी छान घ्यायचा. त्याला माझ्याकडून काय हवं असेल ते आता मला कळतंय, आणि ते दुकानात मिळत नाही.

समोरच्या सीटवर नर्स आहे, लांब बाह्यांचा शर्ट घालून. बेकर पुढे फादरांजवळ, हळूहळू श्वास घेत. गिटारवाला अजून तिथल्या हॉस्पिटलमध्ये. त्याचे आईवडील आणायला येणार आहेत.

मघाशी तहान लागली. बाटली लंबूजवळ होती. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो आणि पाणी मागितलं. त्याने बाटली आमच्या दोघांच्या मध्ये सीटवर ठेवली आणि आपला हात पटकन मागे घेतला.